एक लांब, दोन आखूड

मुलाला एक माणूस सांभाळत असेल तर मूल ठीक. दोघं असतील तर थोडी काळजी. आणि चौघं असतील तर खुशाल समजा, त्याला कुणीही सांभाळत नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. शाळेत खेळाची बाई म्हणून अर्धं आयुष्य मैदानावर उभी आहे, आणि त्यात आमच्या घरात जन्माला आले आहे. एवढं शिक्षण पुरे झालं.

आमची भिंगरी पाच वर्षांची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण एका जागी टिकत नाही म्हणून भिंगरी. तिचे बाबा म्हणजे माझा दादा, चष्म्याच्या दुकानात जगाचे डोळे तपासतो. आई म्हणजे माझी वहिनी, बेकरी चालवते. आणि वहिनीचा धाकटा भाऊ, भिंगरीचा मामा, बस चालवतो आणि बस थांबली की जिथे असेल तिथे झोपतो. एवढीच आमची पलटण. शाळांना मोठी सुट्टी लागली की पहिल्या रविवारी आम्ही पाचही जण सहलीला जातो. नदीवर, धरणाच्या खाली. भिंगरीच्या जन्माआधीपासूनची ही पद्धत, आणि ती कुणी मोडायची नाही.

गेल्या वर्षी परतताना एका बागेत थांबलो होतो, तेव्हा ही बया गायब झाली. सापडली आइस्क्रीमच्या गाडीमागे, अनोळखी माणसाशी गप्पा मारताना. ‘मला वाटलं तुझ्याकडे आहे,’ हे एकच वाक्य चौघांनी चौघांना ऐकवलं. त्या दिवशी मी घरी येऊन शिट्टीचा कायदा केला.

कायदा सोपा होता. माझी मैदानावरची शिट्टी, लाल दोरीची. ती ज्याच्या गळ्यात, मूल त्याचं. त्याने फोन बघायचा नाही, डुलकी काढायची नाही, गप्पा छाटायच्या नाहीत. पाळी संपली की शिट्टी आपल्या गळ्यातून काढून पुढच्याच्या गळ्यात घालायची. आणि मध्ये मध्ये मी दोन बोटं तोंडात घालून एक लांब शिट्टी मारणार. ज्याच्या गळ्यात शिट्टी असेल त्याने लगेच दोन आखूड वाजवून उत्तर द्यायचं. म्हणजे, मूल माझ्यापाशी आहे, सगळं ठीक आहे.

भिंगरीलाही दोन नियम. शिट्टी असेल तिथेच राहायचं. आणि शिट्टी म्हणजे खेळणं नव्हे, आत्याने विचारल्याशिवाय ती वाजत नाही.

सहलीआधी आठवडाभर आम्ही सराव केला. मी स्वयंपाकघरातून लांब मारायची, दादा गच्चीवरून दोन आखूड. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. दादा म्हणाला, “घर आहे की पोलीस चौकी?”

“पोलीस चौकीत मूल हरवलं तर निदान तक्रार तरी घेतात,” मी म्हटलं. “आपल्याकडे ती सोय नाही. वाजव मुकाट्याने.”

भिंगरी प्रत्येक सरावाला हजर. तिच्या हातात शिट्टी नसायची, पण उत्तराची वेळ झाली की गाल फुगवून दोनदा फू फू करायची. आम्ही हसायचो. काय हसत होतो, देव जाणे.

तर तो रविवार. नदीला पाणी असं नव्हतंच. रुंद पात्र, सगळीकडे खडकच खडक, मधूनमधून डबकी आणि काठाला लागून घोट्याएवढ्या पाण्याची एक धार. त्या धारेपलीकडे, पात्राच्या मधोमध, एक भलामोठा काळा खडक आहे. त्याला आम्ही हत्ती म्हणतो. काठावर सरकारी पाटी आहे: भोंगा वाजताच पात्र सोडा, धरणातून पाणी सोडलं जाईल. ती पाटी आम्हाला पाठ होती. भोंगा दर वर्षी ऊन उतरल्यावर व्हायचा आणि तोवर आम्ही सामान आवरून वर चहा पीत बसलेलो असायचो. त्या दिवशी आम्ही झाडाखाली, पात्राच्या कडेलाच सतरंज्या टाकल्या.

सकाळची पाळी दादाची. त्याने इमानेइतबारे सांभाळली, मान्य करते. जेवण झालं. पाव, उकडलेली अंडी, केळी आणि वहिनीने केलेला केक. मग शिट्टी मामाच्या गळ्यात गेली. दादा त्याचा कॅमेरा घेऊन पक्ष्यांच्या मागे काठाने वर गेला. वहिनी झुडपांपलीकडे डबे धुवायला बसली. मी सतरंजीवर आडवी झाले, पण कान उघडे ठेवून.

पहिली शिट्टी मारली. मामाचं उत्तर आलं, खणखणीत. दुसरी मारली. उत्तर आलं, पण जरा वाकडं, एक आखूड आणि दुसरं त्याहून आखूड. म्हटलं, याच्या तोंडात केळं असणार. तिसरी मारली. उत्तर आलं, पण लांबून आलं, पातळ. मनात काहीतरी टोचलं. मामा एवढा लांब चालत गेला? ज्याला कोपऱ्यावरच्या दुकानात जायला बस लागते तो? मी कोपर टेकून अर्धी उठले. पण उत्तर तर आलं होतं. कायदा माझाच, आणि कायद्याप्रमाणे सगळं ठीक होतं. मी पुन्हा आडवी झाले.

आणि भोंगा झाला.

ऊन डोक्यावर असताना झाला. असा मोठ्ठा, पोटातून निघालेला आवाज की झाडावरचे पक्षी भर्रकन उठले. मी ताडकन उभी राहिले. पात्रात दूरवर बसलेली दोन-तीन कुटुंबं पोरं काखेत मारून काठाकडे पळायला लागली. वहिनी हातात ओले डबे घेऊन धावत आली. वरून दादा आला, कॅमेरा पोटाशी धरून. आणि झाडामागून, काठाच्या बाजूने, डोळे चोळत मामा आला.

एकटा.

त्याच्या गळ्याकडे मी आधी पाहिलं. गळा मोकळा होता.

“भिंगरी कुठाय?” वहिनीने त्याला विचारलं.

“तुझ्याकडे ना?” मामा म्हणाला.

“माझ्याकडे? तुझी पाळी होती!”

“अगं, माझा डोळा लागत होता. म्हणून शिट्टी काढली आणि तिच्याच हातात दिली. म्हटलं, जा, ही आईच्या गळ्यात घालून ये. तू त्या झुडपापाशीच तर होतीस. दहा पावलं नव्हती.”

“माझ्याकडे आलीच नाही ती,” वहिनी म्हणाली. तिच्या हातातला डबा खडकावर पडला आणि घरंगळत गेला.

“पण उत्तर आलं की!” दादा म्हणाला. “मी ऐकलं. दोन आखूड.”

“मीही ऐकलं, म्हणून तर निवांत झोपलो.”

“मीही ऐकलं,” वहिनी म्हणाली. “मला वाटलं हाच वाजवतोय.”

“मग वाजवली कुणी?” दादाने विचारलं.

 चौघांच्याही लक्षात एकदमच आलं.  नियम काय होता? शिट्टी ज्याच्या गळ्यात, मूल त्याचं. पोरीने ती स्वतःच्या गळ्यात घातली होती आणि ती स्वतःला सांभाळत होती. मी विचारत होते, मूल ठीक आहे ना? आणि पाच वर्षांचं मूल मला सांगत होतं, हो, माझ्यापाशी आहे.

“भिंगरेऽऽ!” दादा ओरडला आणि वरच्या अंगाला धावत सुटला. त्याला कुणी सांगितलं होतं ती वर आहे म्हणून? कुणीच नाही. जगाचे डोळे तपासणारा माणूस, पण त्या क्षणी त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. मामा उलट्या दिशेने धावला. वहिनी जागच्या जागी गोल गोल फिरत तिचं नाव घेत राहिली. भोंगा चालूच होता. त्यात आमच्या हाका कुठल्या कुठे विरत होत्या.

मी खाली धारेकडे पाहिलं. मघाशी जिथे माझ्या चपला ठेवल्या होत्या तिथे चपला नव्हत्या. घोट्याएवढी धार पोटरीएवढी झाली होती आणि तिचा रंग बदलला होता. गढूळ, वर काटक्या आणि फेस. अजून खळाळत नव्हती. गुपचूप वाढत होती, त्याचीच जास्त भीती वाटली.

भोंगा एकदम थांबला. आता हाका मारून काय होणार होतं? नदी रुंद, खडक शेकडो, आणि ती कुठल्याही खडकामागे असेल. ओरडून तिला बोलावलं तरी ती येणार नाही, हे मला कळून चुकलं. शिट्टी असेल तिथेच राहायचं. मीच शिकवलं होतं. शिट्टी तिच्या गळ्यात होती, म्हणजे ती अगदी योग्य जागी होती.

“थांबा सगळे!” मी ओरडले. “गप्प राहा! मी वाजवते, ती उत्तर देईल. आवाजावरून कळेल.”

दोन बोटं तोंडात घातली आणि फुंकलं.

फुस्स.

पुन्हा फुंकलं. नुसती हवा. ओठ लाकडासारखे कोरडे, जीभ टाळ्याला चिकटलेली. तोंडचं पाणी पळालं असं आपण सहज म्हणतो, आणि ते खरंच पळतं हो. हजार मुलांच्या मैदानावर जिची शिट्टी रस्त्यापलीकडे ऐकू जाते, त्या बाईला चिमणीएवढा आवाज निघेना. मी बोटं चोखली, ओठ चावले, पुन्हा फुंकलं. फुस्स. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडात थेंब नव्हता.

“वाजव ना गं!” वहिनी किंचाळली. “वाजव!”

“होत नाहीये! वहिनी, होत नाहीये माझ्याकडून!”

वहिनीने माझा दंड धरला, मला ओढत धारेपाशी नेलं, खाली वाकली, ओंजळीत ते गढूळ पाणी घेतलं आणि सरळ माझ्या तोंडावर मारलं. अर्धं नाकात गेलं. दातांत वाळू करकरली. मी खोकले, थुंकले, बोटं तोंडात घातली आणि जीव एकवटून फुंकलं.

लांब. मोठी. समोरच्या काठावर आपटून परत आली.

आम्ही श्वास धरून उभे राहिलो. पाण्याचा आवाज आता यायला लागला होता, वरून, खडकांमधून.

पी. पी.

दोन आखूड.

“हत्ती!” मामा ओरडला. “हत्तीमागे आहे!”

आणि तो मनुष्य, जो कपाटावरचा डबा काढायला सांगितला तर उद्या काढतो म्हणतो, तो बुटांसकट धारेत उतरला. पाणी गुडघ्याएवढं झालं होतं. चार ढांगा टाकल्या आणि मांडीपर्यंत गेला. एकदा घसरला, हात टेकून उठला. दादा मागून धावत आला आणि तोही उतरायला लागला, तेव्हा वहिनीने त्याचा शर्ट मागून पकडला आणि म्हणाली, “काठापाशी राहा. परत येताना ओढायला माणूस हवा.” तिचं डोकं ठिकाणावर होतं. आमच्यात तिचं एकटीचंच.

मी वाजवत राहिले. लांब. पी पी. लांब. पी पी. प्रत्येक उत्तराला माझ्या जीवात जीव यायचा आणि पुढच्या उत्तरापर्यंत पुन्हा निघून जायचा. हत्तीच्या पायथ्याचे छोटे खडक एकेक करून दिसेनासे होत होते. मामा हत्तीपर्यंत पोचला, खडकाला धरून वळला आणि पलीकडे दिसेनासा झाला.

मी लांब मारली.

काही आलं नाही.

पुन्हा मारली. इतकी जोरात की कानात कळ गेली.

काही नाही. पाण्याचा घोंघाट तेवढा. वहिनीने माझ्या खांद्यात नखं रुतवली होती, ते मला नंतर कळलं. दादा कंबरभर पाण्यात उभा राहून “अरे दे ना, उत्तर दे ना बाळा” असं पुटपुटत होता, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात. मी तिसऱ्यांदा बोटं तोंडात घातली आणि मला फुंकवेना. वाजवली आणि उत्तर नाही आलं, तर? नाही वाजवली, तर निदान ते कळणार तरी नाही. असला भेकड विचार माझ्या मनात आला. त्या काळ्या खडकाकडे बघत मी नुसती उभी राहिले.

मग हत्तीच्या सोंडेकडून आधी एक डोकं दिसलं आणि त्याच्या वर दुसरं. मामाच्या खांद्यांवर भिंगरी बसली होती. दोन्ही मुठींत त्याचे केस घट्ट धरले होते आणि शिट्टी छातीवर लोंबत होती. हात मोकळे नव्हते, म्हणून वाजवली नव्हती. एवढंच. एवढ्याशा गोष्टीने आमचे प्राण कंठाशी आणले होते.

परतीची वाट सोपी नव्हती. पाणी मामाच्या छातीला लागलं होतं आणि तो तिरका तिरका येत होता. दादाने हात लांब केला, दादाचा दुसरा हात वहिनीने धरला, वहिनीला मी, आणि मी काठावरच्या झाडाच्या मुळाला मिठी मारली. एकदा मामाचा पाय सुटला. भिंगरी किंचाळली. दादाने त्याची कॉलर पकडली, कॉलर फाटली, मग दंड पकडला. कसे आलो वर ते मला नीट सांगता येणार नाही. सगळे एकमेकांच्या अंगावर पडलो होतो, आणि वहिनी पोरीच्या पाठीत धपाटे घालत होती आणि त्याच जागी मुके घेत होती.

आम्ही उठून मागे पाहिलं तेव्हा सतरंज्या गेल्या होत्या. केकचा डबा गेला होता. हत्तीची फक्त पाठ दिसत होती. थोड्या वेळाने तीही दिसेना.

परत निघालो. मामा गाडी चालवत होता, ओल्याचिंब कपड्यांनी, आणि आरशात सारखं मागे बघत होता. त्याला चार शब्द सुनवायचे म्हणून मी तोंड उघडलं होतं, पण मिटलं. कुठल्या तोंडाने सुनवणार? भिंगरी टॉवेलात गुंडाळलेली, माझ्या आणि वहिनीच्या मध्ये. शिट्टी अजून गळ्यातच. कुणाला काढू देत नव्हती.

“आईकडे का नाही गं गेलीस?” मी शेवटी विचारलं. जमेल तेवढ्या मऊ आवाजात.

“जात होते. पण तिथे मासे होते. इवलेसे. मग तू शिट्टी मारलीस. मग मीच उत्तर दिलं, माझ्याच हातात होती ना.”

“आणि भोंगा नाही ऐकलास?”

“ऐकला. पण ती तुझी शिट्टी नव्हती.” तिने टॉवेल नाकापर्यंत ओढला. “मग पाणी मोठं झालं. मग मी हत्तीवर चढले, मागच्या बाजूने. मला खूप भीती वाटली, आत्या. खूपच.”

“मग वाजवायची ना, बाळा! शिट्टी होती ना तुझ्याकडे? जोरात वाजवायची!”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्या मैदानावरची शिस्तीची मुलं नियम विसरलेल्या मुलाकडे बघतात.

“आधी तू वाजवायचीस,” ती म्हणाली. “तू विचारल्याशिवाय नाही वाजवायची. तूच सांगितलंस. मी वाट बघत होते. किती वाट बघितली! तू एवढा उशीर का केलास?”

दादाने पुढच्या सीटवर मान खाली घातली. वहिनी खिडकीबाहेर बघत होती.  पोरगी खडकावर उभी होती, पाणी चढत होतं, शिट्टी तोंडापाशी होती आणि ती माझ्या परवानगीची वाट बघत होती.

“माझं तोंड कोरडं पडलं होतं गं,” मी कशीबशी म्हणाले.

“मग पाणी प्यायचं ना.”

मला हसू आलं की रडू, मला सांगता येत नाही. मी तिची लाल दोरी नीट सरळ केली आणि म्हटलं, “ऐक. कायदा बदलला. आजपासून शिट्टी तुझी. भीती वाटली की वाजवायची. कुणी विचारो, न विचारो. घरात, शाळेत, बाहेर, कुठेही. कळलं?”

“आत्ता वाजवू?”

“आत्ता भीती वाटतेय?”

तिने जरा विचार केला. मग मान हलवली, हो.

“मग वाजव.”

आणि तिने वाजवली. दोन आखूड नाही, एक लांब. मग आणखी एक. बंद गाडीत कानठळ्या बसल्या. मामाने काच खाली केली नाही. दादाने कानांवर हात ठेवले नाहीत. ती दम लागला की थांबायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा सुरू करायची. घर येईपर्यंत वाजवत होती. पुरे म्हणायची कुणाची छाती झाली नाही.